हिरव्या ठिपक्याला केबल आहे का?

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, अ‍ॅपमधल्या हिरव्या ठिपक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत असाल तर जरा थांबा.

आज दुपारी नारायण पेठेतल्या एका पार्किंगमधलं चार्जिंग स्टेशन अ‍ॅपवर 'चालू, मोकळं' दिसत होतं. बॅटरी संपत आलेली, म्हणून घाईने गेले. मशीनचे दिवे लागलेले, पण केबलच नाही! वर पाटी: 'केबलची चौकशी करू नये.'

मी पार्किंगच्या मॅनेजरकडे चौकशी केलीच.

"चोरीला जाते हो, म्हणून काढून ठेवलीय."

"अहो, मग अ‍ॅपवर चालू कसं?"

"मशीन चालूच आहे की! स्टेशनची माहिती लोकांना दिसली पाहिजे, असा नियम आहे. बंद दाखवलं की वरून फोन येतो."

म्हणजे माहिती देण्यापुरतं मशीन चालू, चार्जिंग बंद! शिवाय पाटी चक्क लॅमिनेट केलेली. एका दिवसासाठी कुणी पाटी लॅमिनेट करतं का?

कशीबशी घरी पोचले आणि नकाशा उघडला. पुणेभर हिरवे ठिपके. कालपर्यंत ते बघून मला धीर यायचा.

तुमच्या घराजवळच्या ठिपक्याला केबल आहे का, जरा जाऊन बघून सांगाल?