मोडकं ते दारात

आत्याच्या दुकानाच्या काचेमागे नव्या खुर्च्या कधीच नसायच्या. तिथे मोडलेल्या असायच्या. एकीचा पाय निखळलेला, एकीची पाठ चिरलेली, एकीचं कापड फाटून आतला स्पंज बाहेर डोकावणारा. प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, आणि पाटीवर आत्याचं ठसठशीत अक्षर: 'लाकूड ओलं होतं, घाई केली.' 'सांधा चुकला.' रस्त्याने जाणारे थांबायचे, वाचायचे, हसायचे. बाजारात तिचं नावच पडलं, मोडकीबाई.

"मोडकी तर मोडकी," आत्या म्हणायची. "नाव लक्षात तर राहिलं ना?"

याला सुरुवात करून दिली ती एका घड्याळजीने. दुकान नुकतंच उघडलं होतं. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सुतारकाम बघायचे आणि बाकी सगळं आत्या. घड्याळजीने नेलेली खुर्ची महिन्याच्या आतच बसली, म्हणजे त्याच्यासकट खाली बसली. तो ती डोक्यावर घेऊन भर बाजारातून आला आणि दुकानात आदळून म्हणाला, "ही घ्या तुमची कलाकुसर!"

दुकानात गिऱ्हाईक होतं. बाबांनी खुर्ची गुपचूप मागे सरकवायला घेतली, तर आत्याने त्यांचा हात धरला. उलटसुलट करून तिने खुर्ची नीट पाहिली, घड्याळजीची माफी मागितली, आणि काचेमागची नवी कोरी खुर्ची उचलून त्या जागी ही मोडकी ठेवली.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? गिऱ्हाईक पळून जाईल!"

"पळू दे. उद्या दुसरी मोडली तर शिव्या घालायला तोच आला असता. हे बघूनही जो आत येईल ना, तो आपला."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी आपली खुर्ची कशी मांडलीय ते बघायला आला. पाटी वाचली. मग आत येऊन विचारलं, "नवी कधी देताय?"

आत्या या धंद्यात आली तीही भांडूनच. त्याआधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. बसायला लोखंडी स्टूल, सगळ्या रांगेला एकाच मापाचं. दुपार झाली की तिच्या कमरेतून कळा यायच्या. तिने सुपरवायझरकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "बसून तर काम करता. बसण्यात काय दुखायचंय?"

"तुम्ही बसून दाखवा."

"एवढंच असेल तर घरून आणा खुर्ची!"

तो चिडून बोलला होता. आत्याने ते शब्दशः घेतलं. बाबांच्या शेडमध्ये पडलेली एक जुनी खुर्ची तिने त्यांच्याकडून कापून घेतली, बैठक पुढच्या बाजूला किंचित उतरती केली, पाठीला कमरेपाशी फुगवटा दिला आणि दुसऱ्या दिवशी ती काखोटीला मारून कारखान्यात गेली. आठवड्याभरात शेजारणीला तशीच हवी झाली, मग तिच्या शेजारणीला. रांगेत वेगवेगळ्या खुर्च्या दिसायला लागल्या तसा सुपरवायझरचा पारा चढला. रांग एकसारखी दिसली पाहिजे, म्हणाला, उद्यापासून सगळ्यांना स्टूल.

आत्या उठली. हातातला शर्ट पुरा शिवला, दोरा तोडला, खुर्ची उचलली आणि फाटकातून चालती झाली. पहारेकऱ्याने अडवलं, "काय नेताय?"

"माझी कंबर," ती म्हणाली.

तर अशी ती. दुकान टाकल्यावर तिने स्वतःला काही सवयी लावून घेतल्या आणि त्या बाबतीत ती कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. एक म्हणजे दुकानात बसून ऑर्डर घ्यायची नाही. गिऱ्हाईक जिथे काम करतं तिथे जायचं आणि त्याच्या शेजारी बसून राहायचं. तिकीट खिडकीवरची बाई सुट्ट्या पैशांच्या खणासाठी दिवसभर उजवीकडे वळते, हे तिला दुकानात बसून कळलं नसतं. ती बाई स्वतःही सांगू शकली नसती. दातांच्या कवळ्या घडवणारा कारागीर कोपर टेकवायला जागा शोधत असतो, हेही तसंच.

'होईल, होईल' हा शब्द तिने दुकानातून हद्दपार केला होता. होणार असेल तर तारीख सांगायची, नसेल तर नाही म्हणायचं. कोणी सोफा मागायला आलं तर ती हात जोडायची. "पाहुण्यांसाठी मी करत नाही. पाहुणे उठून जातात. जे उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी करते." आणि दुपारच्या चहाला सगळ्यांनी कालच तयार झालेल्या खुर्च्यांवर बसायचं, तिच्यासकट. चहा संपेपर्यंत ज्याने चुळबुळ केली त्याची खुर्ची परत कामाला लागायची. मी शाळा सुटल्यावर तिथे जायचे. मलाही चहा मिळायचा, पण चुळबुळ केली की आत्या लगेच वळून बघायची.

खुर्ची गेल्यावर काही दिवसांनी ती गिऱ्हाइकाकडे चक्कर मारायची. "आवडली का?" असं कधीच विचारायची नाही. त्यावर लोक हो म्हणतात, मग आपण खूश होऊन घरी येतो, असं तिचं म्हणणं. ती विचारायची, "आता कुठे दुखतंय?"

दुकान हळूहळू बरं चाललं. आणि बरं चाललं म्हणूनच एक दिवस फर्निचरचा मोठा व्यापारी दारात उभा राहिला. मुख्य रस्त्यावर त्याची तीन मजली शोरूम होती. काचेमागच्या पाट्या वाचत तो आत आला तो हसतच.

"बाई, खुर्ची झकास आहे तुमची. एक मॉडेल ठरवू, एक माप. तुम्ही बनवा, मी विकतो. नाव माझं. लाकडाऐवजी पातळ प्लायवूड लावून खर्च थोडा कमी करू. आणि हे," त्याने अंगठ्याने काचेकडे दाखवलं, "हे भंगार तेवढं काढा."

बाबांच्या चेहऱ्यावर दिवाळखोराला लॉटरी लागावी तसा आनंद. आत्याने व्यापाऱ्याला बसायला खुर्ची दिली, उंच माणसासाठी केलेली. व्यापारी बुटका. तो बसला आणि त्याचे बूट जमिनीपासून वितभर वर लोंबकळायला लागले.

"हेच माप ठरवू या का?" आत्याने विचारलं.

पॉलिशचं काम करणारी मावशी खुदकन हसली. व्यापारी लालबुंद झाला. "बाई, धंदा असा होत नाही."

"तुमचा नसेल होत."

तो गेल्यावर बहीणभावात जुंपली. बाबा इतके चिडलेले मी तोवर पाहिले नव्हते.

"तू त्याची थट्टा केलीस! दारात चालून आलेला माणूस!"

"मी फक्त बसायला दिलं."

"ताई, तुला मोठं व्हायचंच नाहीये. तुला फक्त खरं ठरायचंय."

ते आत्याला लागलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला मोठं व्हायचंय रे. पण दुसऱ्याच्या नावाने नाही, आणि पातळ प्लायवूडवर तर मुळीच नाही."

बाबांनी आपली हत्यारं गोळा केली. पुढच्या आठवड्यात ते व्यापाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मुख्य कारागीर म्हणून रुजू झाले. जाताना दोन सुतार बरोबर घेऊन गेले.

पुढचे दिवस वाईट गेले. शोरूमच्या खुर्च्या दिसायला तशाच, किमतीला निम्म्या. गिऱ्हाइकं तिकडे वळली. आमच्या घरात आत्याचा विषय निघाला की आई ताटं जोरात आपटायची. बाजारातले लोक सल्ले द्यायला यायचे: पाट्या तरी काढ, भावाची समजूत घाल, सोफे सुरू कर. आत्या सगळ्यांना चहा पाजायची आणि कोणाचंच ऐकायची नाही. तिच्याकडे उरली होती ती फक्त पॉलिशवाली मावशी. सुतार मिळेना म्हणून आत्याने स्वतः पटाशी हातात घेतली. पहिल्या खुर्च्या अशा काही करकरायच्या की मावशी म्हणाली, "ताई, ही खुर्ची आहे का दरवाजा?" त्याही काचेमागे गेल्या. पाटी: 'मी केली. अजून येत नाही.'

पण ती पाटी लागल्यावर तिचा हात सुधारत गेला. रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा सुतार ती वाचून आत आला, तिच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि कशी धरायची ते दाखवत संध्याकाळपर्यंत थांबला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच यायला लागला.

याच काळात आत्याने एक गोष्ट केली, जिच्यामुळे मला ती खऱ्या अर्थाने कळली. तिने शोरूममध्ये जाऊन बाबांनी बनवलेली एक खुर्ची विकत घेतली. आठवडाभर ती त्याच खुर्चीवर बसली. मला वाटलं, चुका काढायला आणलीय. आठवडा झाल्यावर ती सरळ व्यापाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. मी बाबांचा डबा द्यायला तिथे गेले होते. सगळे कारागीर काम थांबवून बघायला लागले.

"बैठक फालतू आहे," आत्या बाबांना म्हणाली. "प्लायवूड वर्षभर टिकणार नाही, तुलाही माहितीये. पण पाठ पुढेमागे करायला जो स्क्रू बसवलायस ना, तो फार चांगला आहे. मला सुचला नसता. मी घेतेय."

बाबा बघतच राहिले. "परवानगी मागायला आलीस?"

"मागत नाहीये, सांगतेय. चोरून घेतला असं व्हायला नको. आणि तुझ्या शेठला आवडलं नाही तर त्याला माझ्याकडे पाठव."

बाबांनी तोंड फिरवलं. पण मला दिसलं, ते हसत होते. आत्याच्या पुढच्या खुर्च्यांवर तो स्क्रू आला आणि दुकानात एक पाटी लागली, या वेळी बिनमोडक्या खुर्चीवर: 'हा स्क्रू माझ्या भावाने शोधला.' व्यापाऱ्याने बरीच आदळआपट केली म्हणे. त्याच्याकडच्या एकाही खुर्चीवर बाबांचं नाव नव्हतं.

मग बस डेपोचं प्रकरण आलं. तिथल्या सगळ्या खिडक्यांवरच्या खुर्च्या बदलायच्या होत्या. खरेदी बघणाऱ्या साहेबांनी आत्यालाही बोलावलं. ती म्हणाली, प्रत्येक खिडकीवर एकेक पाळी बसून बघेन, मग बनवीन. साहेब म्हणाले, एवढा वेळ कोणाला आहे?

"मग माझ्याकडून घेऊ नका," म्हणून ती उठली.

ऑर्डर शोरूमला गेली. आम्हाला वाटलं, संपलं आता. पण आत्या दुसऱ्या दिवशी डेपोत हजर. ऑर्डर नाही तर नाही, बघायला कोण अडवतंय? ती तिकिटं देणाऱ्या बायकांच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागली. साहेबांनी हाकललं तर खिडकीच्या बाहेरून, प्रवाशांच्या रांगेतून बघायची. मग तिने एकच खुर्ची करून आणली आणि सगळ्यात जास्त कण्हणाऱ्या बाईला वापरायला दिली. ती बाई पाळी संपल्यावर खुर्ची दुसऱ्या कोणाला देईना. त्यावरून खिडकीमागे भांडणं व्हायला लागली. शोरूमच्या खुर्च्या आल्या तेव्हा बायकांनी त्या भिंतीला लावून ठेवल्या आणि उभ्याने तिकिटं फाडली. साहेबांनी आवाज चढवला, समजावलं, शेवटी हात टेकले.

आत्याला काम मिळालं ते थोडं थोडं, खिडकीमागून खिडकी. तिने तसंच मागितलं होतं.

आज तिची स्वतःची मोठी शेड आहे. व्यापाऱ्याची शोरूमही जोरात चालते. बाबा अजून तिथेच आहेत, परत आले नाहीत, आणि आत्याने एकदाही बोलावलं नाही. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. दोघं प्लायवूडवरून तावातावाने भांडतात आणि आई म्हणते, जेवताना तरी लाकूड बाजूला ठेवा.

मध्यंतरी नव्या उद्योजकांच्या एका मेळाव्यात तिला यशाचं रहस्य सांगायला बोलावलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही आज दिवसभर इथे बसलात. तेवढा वेळ गिऱ्हाइकाशेजारी बसला असतात तर बरं झालं असतं." आणि खाली उतरली. आयोजक नाराज झाले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात ती बंदरावर गेली. क्रेन चालवणाऱ्या एका बाईने बोलावलं होतं. या वयात शिडी चढून वर जायचं म्हणून मी नको नको म्हणत होते. ती चढली. दिवसभर त्या काचेच्या केबिनमध्ये, पायांखाली समुद्र बघत बसली. उतरली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"खुर्ची चालणार नाही तिथे," माझा खांदा धरत ती म्हणाली. "ती बाई सगळा दिवस खाली वाकून बघते. तिला बसवून उपयोग नाही, ओठंगून टेकता आलं पाहिजे. असलं काही अजून कोणी बनवलेलं नाही."

"मग?"

"मग काय? चल, पटकन शेडवर जाऊ."