जमादारसाहेबांची हवाखोरी

नवरा-बायको दोघं मिळून, दिवस कलताना, धुतल्या कपड्यांत गावाबाहेर निघाले म्हणजे कुठेतरी मयत झाली, एवढंच रिठदच्या लोकांना ठाऊक होतं. त्यामुळे १९२१च्या हिवाळ्यात जमादार सैफुद्दीन आणि त्यांची बायको बदरुन्निसा पहिल्यांदा हवा खायला निघाले, तेव्हा दारात तूर पाखडत बसलेल्या शेजारच्या तुळसाबाईने सूप खाली ठेवलं.

"मायबाई! कोन गेलं वं?"

"कोनीच नाई गेलं," बदरुन्निसा म्हणाली.

"मंग कुठी चालले तुमी?"

याचं उत्तर बदरुन्निसालाही ठाऊक नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. जमादार छडी काखेत धरून ताठ उभे होते. "हवाखोरीले," ते म्हणाले आणि चालू लागले.

जमादारांची उमर पलटणीत गेली होती. थोडी वर्षं कामठीच्या छावणीत बदरुन्निसा त्यांच्याबरोबर राहिली. बाकीची वर्षं ते समुद्रापार बसऱ्याला नि आणखी कुठे कुठे, आणि ती रिठदला. पेन्शन घेऊन घरी आले ते एक लोखंडी पेटी, एक छडी आणि पेटीत न मावणाऱ्या सवयी घेऊन. कोंबड्या खुराड्यात वेळेवर शिरत नाहीत म्हणून ते कोंबड्यांवर ओरडले. चुलीजवळची भांडी त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत लावली. बदरुन्निसाने सगळं चालवून घेतलं, नव्या सुनेचं चालवून घेतात तसं. आता ही हवाखोरी निघाली होती.

ओढ्याच्या वाटेवर नानाजी भेटला. त्याचं शेत तिथेच होतं. "काय हारपलं, जमादारसाहेब?"

"काई नाई हारपलं."

नानाजीला ते पटलं नाही. काही हरवल्याशिवाय माणूस इकडे-तिकडे पाहत, रिकाम्या हाताने कशाला फिरेल? फौजी माणूस, मदत मागायची लाज वाटत असेल. त्याने परस्पर गावात निरोप धाडला. दोघं परत आले तेव्हा गफ्फार पिंजारी एका करड्या शेळीचा कान धरून त्यांच्या दारात उभा होता.

"घ्या, भाभी. सापडली तुमची शेळी. लय पयवलं तिनं."

"आमची शेळी त घरात बांधली हाय, गफ्फारभाई."

गफ्फारने आत डोकावून पाहिलं, हातातल्या शेळीकडे पाहिलं. "मंग हे कोनाची?"

त्या शेळीचा धनी सापडेपर्यंत तिने जमादारांच्या अंगणात एक अख्खी गोधडी चावून ठेवली. रात्री जमादार खाली मान घालून जेवले. बदरुन्निसा ओढणी तोंडाशी धरून पोळ्या वाढत होती.

पण जमादार हटले नाहीत. रोज संध्याकाळी बूट चढवून ते निघायचे. मग गावालाच त्यांचा उपयोग सुचला. ओढ्याकडे जातच आहात तर माझ्या घरच्याला एवढा विळा द्या. नानाजीला सांगा, बैल लंगडतो. जमादार भडकले. "मी काय हरकारा हावो का?"

"तुमी नोका नेऊ. मी नेतो," म्हणत बदरुन्निसा सगळं काखेत घ्यायची. आता बायको ओझं घेऊन चालते आणि आपण छडी फिरवतो, हे जमादारांच्या डोळ्यांना खुपू लागलं. चार दिवसांत एका हातात छडी नि दुसऱ्या हातात ताकाचं गाडगं, असे ते दिसू लागले. मान मात्र ताठच होती.

खरी अडचण वेगळीच होती. जमादारांना एकच चाल येत होती, पलटणीची. दहा पावलांत ते पुढे, बदरुन्निसा मागे. एक दिवस ती वाटेतच बसली.

"काहून बसली?"

"तुमी बसऱ्याले पोचा. मी इथीच हावो."

दुसऱ्या दिवसापासून ते सावकाश चालायला शिकू लागले. तिच्या पावलाकडे बघून आपलं पाऊल टाकायचे, मधेच विसरून सुटायचे, पुन्हा थांबायचे. उभ्या नोकरीत इतका अवघड हुकूम त्यांना कोणी सोडला नव्हता.

पुढच्या थंडीत त्यांचा गुडघा सुजला. हकिमाने बाजेवरून उठायला मनाई केली. बदरुन्निसा एरंडाची पानं गरम करून बांधत होती. तेव्हा ते आपणहून बोलले.

"कामठीले आमचा कप्तान रोज मडमसंग फिराले निंगे. मी पहाऱ्यावर राहो. सलाम ठोको. दोघं बोलत बोलत जात. काय बोलत असतीन, हे मले लय वाटे."

"मंग, समजलं का आता?"

जमादारांनी जरा विचार केला. "काल भाजीत मीठ जास्त होतं, हेच बोलत असतीन."

बदरुन्निसाने पानाची गाठ जरा जास्तच आवळली. जमादार ओरडले. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने चुलीच्या धुरावर ढकललं.

दोन दिवस ती घरीच राहिली. तिसऱ्या दिवशी तुळसाबाई दारात आली. "आज बी नाई का वं तुही हवाखोरी? चाल, मी येतो."

ओढ्याच्या वाटेने तुळसाबाई जन्मभर गेली होती, पण डोक्यावर पाटी किंवा घागर असायचीच. रिकामी चालताना तिची पंचाईत झाली. "हात कुठी ठिवू वं, बदरुन?" ती दर थोड्या वेळाने विचारायची. परतताना मात्र तिनेच एक वळण जास्तीचं घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मनकर्णाबाईला घेऊन आली, मग हाजराबी आली. बाजेवर पडल्या पडल्या जमादारांना दाराबाहेर हसू ऐकू यायचं. आपली हवाखोरी आपल्याला सोडून गावभर हिंडते आहे, याचा त्यांना मोठा राग येई.

गुडघा बरा झाला. त्यांनी बुटांना तेल लावलं, छडी घेतली, बाहेर आले. अंगणात पाच बाया उभ्या.

"हे कोन?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"माह्या संगच्या."

"आन् मी?"

"तुमी बी या. मांगून."

दोन दिवस ते मागून चालले. बायांच्या गप्पा अंतर राखून ऐकाव्या लागत, आणि कान पूर्वीसारखे राहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना अर्ज केला. "हप्त्यातून एक दिवस मले दे. जुम्म्याचा."

बदरुन्निसा भाकरी थापत होती. "पुसून सांगतो," ती म्हणाली.

बायांनी बरीच घासाघीस करून जुम्मा दिला. त्या दिवशी कोणाचा विळा नाही की निरोप नाही. पुढे अनेक वर्षं, जमादारांचा गुडघा चाले तोवर, दर शुक्रवारी दोघं ओढ्यापर्यंत जात. नवीन सोयरा कोणी गावात आला आणि हे कुठे निघाले म्हणून विचारू लागला, तर तुळसाबाई सुपाने पाखडता पाखडताच सांगायची, "कुठीच नाई. जाऊ द्या त्याईले."