पक्की शाई

लाँड्रीवाल्या काकांचा मोबाईल गिऱ्हाइकाच्या पँटीबरोबर उकळत्या पाण्यात गेला आणि त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. थोडं थोडं करून जमवलेलं बिटकॉइन त्यातच होतं ना!

"अहो काका, पैसे मोबाईलमध्ये नसतातच," त्यांना हे सगळं शिकवणारी पुतणी म्हणाली. "खातं उघडताना मिळालेले ते बारा गुप्त शब्द नव्या मोबाईलमध्ये टाका, सगळं परत मिळेल. लिहून ठेवलेत ना?"

ठेवले होते, पण कागदावर नाही. खिशातल्या कागदाचा लगदा होताना काका रोज बघायचे. म्हणून कपड्यांवर खूण करायच्या शाईने त्यांनी ते जुन्या बनियनवर लिहिले होते.

बनियन जागेवर नव्हतं. काकू त्यानेच लादी पुसत होत्या.

काकांनी ते हिसकावून पिळलं. बाराच्या बारा शब्द ठसठशीत! त्यांचा जीव भांड्यात पडला.

"मलासुद्धा दाखवू नका," पुतणीने तोंड फिरवलं.

काकूंनी बादली पुढे सरकवली. "आता उरलेली लादी अंगातल्या बनियनने पुसा."