व्यंकटमामांचं न पाठवलेलं पत्र

आईचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमध्ये, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जेवत होते. "व्यंकटमामा गेले गं... दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "कालच कुणाला तरी तुझ्यासाठी लिहिलेल्या पत्राचं सांगत होते." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचेच मामा. सरकारी दवाखान्यात जन्मभर ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या. निवृत्तीनंतर दर रविवारी बसने पापनाशमला जायचे आणि मधुमेहाने पाय सडलेल्या म्हाताऱ्यांच्या पट्ट्या घरोघरी जाऊन बदलायचे. मी बी.एस्सी.ला असताना डॉक्टर व्हायचं म्हणत त्यांच्या मागे लागले. पहिल्याच रविवारी एका आजींच्या टाचेत अळ्या दिसल्या आणि मी चप्पलही न घालता पळाले, ती थेट बस स्टँडवर जाऊन बसले. मामा काम उरकून माझ्या चपला हातात घेऊन आले. ओरडले नाहीत. पुढच्या रविवारी मी त्यांच्याआधी स्टॉपवर उभी होते. "भ्यालीस तर भ्यालीस, कण्णा," मामा तमिळमधली लाडाची हाक मारत म्हणाले. "आलीस कीं नाहीं? तें पुरे." मग दोन वर्षं एकही रविवार चुकला नाही.

आयर्लंडच्या मेडिकल कॉलेजला अर्जासोबत दोन शिफारसपत्रं लागत होती. एक प्राध्यापकांचं ठरलेलं होतं. दुसरं मी मामांकडे मागितलं. आठ दिवस ते तेच पत्र लिहीत बसले होते. शेवटी टायपिंगच्या दुकानातून करून आणलं आणि कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. एकच पान, जुन्या सरकारी इंग्रजीतलं. त्यात माझं पळून जाणं होतं, अनवाणी पायांसकट! खाली लिहिलं होतं : 'हिला भीती वाटते, पण ती पेशंटला दिसू देत नाही. न भिणाऱ्यापेक्षा अशा माणसाच्या हातात मी माझा पाय देईन.'

मला लाज वाटली. ड्रेसरची सही, आणि वर माझी फजिती... गावातल्या एका नावाजलेल्या सर्जनशी बाबांची ओळख होती. त्यांच्या क्लिनिकमध्ये मी जेमतेम चार दिवस उभी राहिले होते. पत्राचा मजकूर मीच लिहिला, त्यांनी न वाचता सही केली. तेच मी पाठवलं.

"पाठवलंस का?" मामांनी विचारलं.

"हो मामा."

मुलाखत ऑनलाइन झाली. कधी कच खाल्ली होती का, असं विचारलं, तेव्हा सर्जनच्या पत्रातलं एक वाक्यही कामाला येईना. मी पापनाशमची गोष्ट सांगितली, जवळजवळ मामांच्याच शब्दांत. प्रवेश मिळाला. मामांनी गल्लीत घरोघर केसरी, म्हणजे केशरी शिरा, वाटला. "माझं पत्र वाचून घेतले तिला!" आणि मी शेजारी उभी राहून हसत होते. तीन वर्षांत किती फोन झाले. दर वेळी मी मनाशी म्हणे, पुढच्या खेपेला समोर बसून खरं सांगू.

तेरावा झाल्यावर पोचले. मामींनी कपाटातून पत्राची झेरॉक्स काढली. "मला इंग्रजी येईना. काय लिहिलेत तें वाच बघूं." मी मराठीत सांगत गेले. अनवाणी पळाल्याचं ऐकून त्या रडता रडता हसल्या. मग डोळे पुसत विचारलं, "तिथले लोक काय म्हणाले हें वाचून?"

'खूप आवडलं त्यांना' असं ओठांवर आलं होतं. पण कागद हातात होता. "मामी... मी हे पाठवलंच नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली. "कोणाला सांगूं नकोस. अस्क्या गल्लीला, घरोघर, सांगून गेलेत ते. त्यांना खोटं पाडूं नकोस." आणि आत निघून गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

मी गल्लीत कुणाला सांगितलं नाही. अजूनही तिथे कुणी भेटलं की मामांच्या पत्राचं कौतुक करतं, आणि मी मान हलवते. आमच्याकडे घरात मराठी बोलतात, पण देवनागरी क्वचितच कुणाला वाचता येते. मला येते, ती शाळेबाहेर दिलेल्या हिंदीच्या परीक्षांमुळे. म्हणून हे इथे लिहिते आहे... जिथे ते लोक वाचणार नाहीत.