खालून वर पडणारा पाऊस

वसईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पाचूबंदर गावात कुणी फार फेकू लागला की ऐकणारा शांतपणे म्हणायचा, "पडला बाबा, पास्कलचा पाऊस पडला." मग सगळे हसायचे आणि बोलणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं. मीही हसायचो, उलट जरा पुढे होऊनच हसायचो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मन मोकळं.

पास्कल हा बोटीवरचा आचारी. मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणाऱ्या आगबोटीवर त्याने वीस-बावीस वर्षं काढली. मोंबासा, दारेसलाम, बेरा ही नावं तो आगाशी-नालासोपारा म्हणावं तशी घ्यायचा. रजेवर घरी आला की संध्याकाळी जाळी विणणाऱ्यांत जाऊन बसायचा आणि गोष्टी सुरू. हत्तीचा कान होडीच्या शिडाएवढा. सिंह धक्क्यावर येऊन मांजरासारखा बसतो. आणि आत मुलखात एक धबधबा आहे, तिथे पाऊस खालून वर पडतो.

हत्ती आणि सिंह लोकांनी गिळले, पाऊस मात्र घशात अडकला. मी चर्चच्या शाळेत मास्तर, त्यात भूगोल शिकवणारा, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी चष्मा पुसत सांगितलं, "पाण्याचा धर्म खाली जाण्याचा. वर जातं ते पाणी नव्हे, ती थाप." माझ्या या एका वाक्यावरून गावात ती म्हण तयार झाली.

पास्कलने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. चारचौघांबरोबर तोही हसायचा. पण बावन्न साली तो बोट सोडून कायमचा घरी आला, आणि त्याच वर्षी एका लग्नाच्या मांडवात त्याचा जुना सोबती निकोलस भेटला. निकोलस त्याच बोटीच्या इंजिनात काम केलेला. पास्कल रंगात येऊन हत्तीचं सांगत होता, तेवढ्यात निकोलस म्हणाला, "अरे पास्कल, तू बेराला बोटीवरून उतरलास तरी कवा? आमी गावात जायचो तेवा तू बटाटे सोलत बसायचास." निकोलसच्या मनात काही वाईट नव्हतं, पण सगळा मांडव हसला. पास्कल हातातलं ताट खाली ठेवून घरी निघून गेला.

त्यानंतर तो बोलायचाच बंद झाला. जाळ्यांपाशी येईना. मिस्सा संपली की लोक चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळतात, हा मागच्या दाराने निघून जाई. ज्या माणसाचं तोंड दिवसभर चालायचं, तो खाटेवर बसून समुद्राकडे बघत राही. मला वाईट वाटत होतं, पण आपण काय केलंय हे अजून नीट कळलं नव्हतं.

त्याची बायको मटिल्डा. वसईच्या बाजारात ती मासळी विकायची, आणि तिचा शब्द म्हणजे शब्द. पापलेट कालचं असलं तर "कालचं हाय, घ्यायचं तर घ्या" असं तोंडावर सांगणार. त्यामुळे गिऱ्हाईक तिच्या पाटीतली मासळी उलटून बघत नसे. अशा बाईच्या नवऱ्याला गाव थापाड्या म्हणतं, हे तिला इतकी वर्षं कसं वाटलं असेल, याचा विचार आम्ही कुणी केला नव्हता.

तिने एके दिवशी नवऱ्याला समोर बसवून विचारलं. हे मला तिनेच नंतर सांगितलं. "खरं सांगा. त्यो पाऊस तुमी बघितला?"

"नाय," पास्कल म्हणाला. "सॅन्टननं सांगितला. हत्ती पन त्याचाच."

सॅन्टन हा आमच्याच गावचा. पूर्वी पास्कलच्याच बोटीवर शिंपी होता. मग बेराला उतरला आणि आगगाडीने आत आत जात उत्तर ऱ्होडेशियातल्या लिव्हिंग्स्टन गावी दुकान टाकून बसला. तो धबधबा तिथून दोन-तीन कोसांवर.

"आनि सिंव?" मटिल्डाने विचारलं.

"सिंव माझाच. मीच रचला."

मटिल्डा म्हणाली, "दुसऱ्याच्या पाटीतली मासळी आपली म्हनून विकलीत. आता जाऊन स्वतःची आना. आनि मी येते संगती. तुमच्या एकट्याच्या बोलन्यावर आता कोन इस्वास ठेवनार?"

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दारात उभी. मटिल्डा पुढे, पास्कल मागे. "मास्तर, कागद घ्या. सॅन्टनला पत्र लिवायचं हाय. तुमी आमाला खोटं ठरवलंत, तर आता लिवायचं काम पन तुमचंच." मी निमूट शाई काढली.

तिथून पुढचे कित्येक महिने माझं घर म्हणजे जणू बोटीची कचेरी झाली. शाळेचा आफ्रिकेचा नकाशा मी घरी आणून भिंतीवर लावला. मुंबई ते बेरा बोटीने, बेराहून तीन-चार दिवस आगगाडीने. मटिल्डाने बोटाने ती वाट दोनदा गिरवली आणि विचारलं, "मधे मासळीबाजार खय खय हाय?" घरावर नवी कौलं घालायची होती, ती राहिली. त्यावरून बायकांनी नावं ठेवली. मटिल्डा म्हणाली, गळकं घर झाकता येतं, गळका शब्द नाही.

जायचं कधी, हे ठरवायला आम्हाला पाच मिनिटं लागली. धबधबा कधी बघावा? पावसाळ्यात. चिंचोटीचा धबधबा बघायला माणूस श्रावणात जातो, मे महिन्यात गेला तर दगड बघून येतो. तेव्हा ऑगस्ट पक्का. मी मोठ्या ऐटीत तसं सॅन्टनला कळवलं.

दीड महिन्याने त्याचं उत्तर आलं. मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला अडखळलो. सॅन्टनने लिहिलं होतं: "ऑगस्टात येऊ नका. इकडे तेव्हा थंडी असते आणि आभाळात ढगही नसतो. इकडचा पाऊस नाताळात. तो वरच्या मुलखातून वाहत वाहत धबधब्याला पोचतो एप्रिलात. एप्रिल-मेमध्ये या, तेव्हा तो भरलेला असतो. मास्तर भूगोल शिकवतात ना? त्यांना विचारलं नाही का?"

पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात ऋतू उलटे असतात, हे मी वीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेत होतो. पण पाऊस म्हटला की माझ्या डोक्यात आमचाच जून. पास्कल मात्र कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसला. म्हणाला, "मास्तर, तुमचा पन पाऊस पडला."

पत्रात आणखी एक गोष्ट होती. धबधब्याकाठी मोठं हॉटेल आहे, पण आपल्या रंगाच्या माणसाला तिथे पायरी चढू देत नाहीत. तेव्हा मुक्काम सॅन्टनच्याच घरी. मला ते वाचताना लाज वाटली, संतापही आला. मटिल्डा म्हणाली, "लिवा त्याला, आमी धबधबा बघायला येतोय, हाटेल नाय." पुढे सॅन्टनने एका ओळखीच्या दुकानदाराची लॉरी ठरवल्याचं कळवलं. तिच्यातून रानात जनावरं बघायला न्यायचं, त्याला तिकडे सफारी म्हणतात. "म्हंजे सफरच की," पास्कल म्हणाला. "बोटीवरचे अरब हेच म्हनायचे." मी शब्द तपासला नाही. त्या पत्रानंतर माझा स्वतःवरचा भरवसा जरा कमी झाला होता.

मग पासपोर्ट. मटिल्डाने लाल चौकड्याचं लुगडं नेसून फोटो काढला. शेजारणी म्हणाल्या, परदेशात जातेस तर झगा शिव. ती म्हणाली, हत्तीला काय कळणार. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, जाण्याचं कारण? मी "प्रवास" म्हणणार तोच ती म्हणाली, "नवऱ्याचं खरं करायला." कारकुनाने प्रवासच लिहिलं. मग देवीची आणि पिवळ्या तापाची टोचणी झाली. दोघांचे दंड सुजले. फादरकडे चांगल्या चालचलणुकीचं पत्र मागायला गेलो, तर फादर मिश्कीलपणे म्हणाले, "पास्कल खोटं बोलत नाही, असंही लिहू का?" पास्कल खाली मान घालून म्हणाला, "तेवढं परत आल्यावर लिवा, फादर."

सामानावरून शेवटचं भांडण झालं ते छत्रीचं. मटिल्डाने काळी मोठी छत्री बांधली. पास्कल म्हणाला, "तिकडे तवा पाऊस नसतो, सॅन्टननं लिवलंय. कशाला वझं?" ती म्हणाली, "तुमचा पाऊस असंल तर लागंल. नसंल तर मला कळंल." छत्री गेली.

त्रेपन्नच्या एप्रिलात मी त्यांना मुंबईच्या बंदरावर सोडायला गेलो. बोट पास्कलची जुनीच. शिडी चढताच पास्कल सवयीने डावीकडे, स्वयंपाकघराकडे वळला. मटिल्डाने त्याचा दंड धरून त्याला उतारूंच्या बाजूला ओढलं. तिथे उभा राहून त्याने मला हात केला तेव्हा त्याची छाती अशी पुढे आली होती की मला गहिवरून आलं. बावीस वर्षांत तो पहिल्यांदा त्या बोटीवरून काही बघायला निघाला होता.

जुलैत परत आले. आमचा पावसाळा भर जोरात होता, होड्या वर ओढलेल्या, बाजारात सुकी मासळी तेवढी. दोघांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही. सोमवारी मटिल्डा नेहमीच्या जागेवर सुके बोंबील घेऊन बसली आणि पास्कल तिच्याशेजारी पेटीवर. अर्ध्या तासात सगळं पाचूबंदर तिथे लोटलं. निकोलसही आला होता. मीही होतो, जरा मागे.

"बोल पास्कल," कुणीतरी म्हणालं. "सिंह धक्क्यावर बसला होता का?"

पास्कल उठून उभा राहिला. "सिंव नाय दिसला," तो म्हणाला. "चार दिस लॉरीत फिरलो. मातीत त्याच्या पायाचे ठसे दिसले, त्यो नाय दिसला. धक्क्यावर बसतो ही माझी थाप होती. बाकीचं ऐकीव होतं, बघितलेलं म्हनून सांगितलं. ते चुकलं माझं."

थट्टा करायला आलेल्यांना काय करावं ते सुचेना. मग एका म्हातारीने, मटिल्डाच्या जुन्या गिऱ्हाइकाने, विचारलं, "मटिल्डा, हत्ती होता का गं?"

"अकरा," मटिल्डा म्हणाली. "वाट आडवून उभे. लॉरी थांबवून आमी अर्धा तास बसलो. कान शिडाएवढा नाय. आमच्या घराच्या दाराच्या फळीएवढा असंल."

मटिल्डाने मापून सांगितलेला कान. त्यावर प्रश्नच नव्हता. माना हलल्या. पण पावसाचं विचारायला कुणी धजेना, आणि हळूहळू सगळे माझ्याकडे बघू लागले. मटिल्डानेही बघितलं.

"मास्तर, फुडे या." मी पुढे गेलो. तिने पाटीमागून ती काळी छत्री काढली आणि माझ्या हातात दिली. "आमी धबधब्याच्या समोर, कड्याच्या टोकावर उभे होतो. आभाळ निळं, ढग नाय. खाली दरीत पानी पडतंय आनि आपटून वर उडतंय, एवढं की पायाखालची भुई थरथरते. मी ही छत्री डोक्यावर धरली. घटकाभरानं मिटायला गेले तवा बघितलं. वरून कापड कोरडं. आतून चिंब. काड्यांवरनं पानी माझ्या डोक्यावर गळत होतं." ती थांबली. "आता तुमी सांगा मास्तर, भूगोल तुमचा. पाऊस खयसून पडला?"

मी छत्रीकडे बघितलं. ती बाई कालचं पापलेट ताजं म्हणून विकत नाही, हे त्या बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"खालून," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा. मागच्यांना आयकू जात नाय."

"खालून वर पडला," मी ओरडून सांगितलं. "पास्कल म्हणाला तसाच."

पहिला हसला तो निकोलस. मग टाळ्या सुरू झाल्या, पाट्या वाजल्या, कुणीतरी पास्कलला मिठी मारली. पास्कल रडत होता आणि तसाच, दर शब्दाला अडखळत, हत्तीचं पिलू आईच्या पोटाखालून कसं चाललं होतं ते सांगू लागला. लोक पाट्या सोडून त्याच्याभोवती बसले. सगळ्यांत पुढे मी बसलो.

दुपारी बाजार उठला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. पास्कलने ती छत्री उघडली, मटिल्डाला आत घेतलं, आणि दोघं भर रस्त्याच्या मधून घरी गेली.