पॅडमधला ‘हाव’

बंडू टोनवाल्याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला भोळा समजणार नाही. भूत, बाहेरचं, लागीर... यातलं मी काहीच मानत नाही. अड्याळला माझी धुमाल पार्टी आहे, आम्ही वराती-मिरवणुका वाजवतो. दुसऱ्याच्या पार्टीत झांजा वाजवत सुरुवात केली. आज गाडी, स्पीकरचे बॉक्स, पॅड सगळं स्वतःचं. मला सहसा कोणी गंडवत नाही.

इलेक्ट्रिक पॅडवर काडी मारली की आत साठवलेला आवाज वाजतो. त्याला आम्ही टोन म्हणतो. सगळ्या पार्ट्यांचे टोन सारखेच. म्हणून ठरवलं — माझ्या थोरल्या भावाच्या, नामदेवदादाच्या ढोलकीचा टोन बनवायचा, जो दुसऱ्या कोणाकडे नसेल. दादा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, वाजवायचा. त्याची एक खोड होती. जोराची थाप पडली की तोंडातून ‘हाव’, म्हणजे आमच्या बोलीतलं ‘हो’, निघायचंच.

रेकॉर्डिंग बंडूने आमच्या धानाच्या खोलीत केलं. चारी बाजूंनी पोत्यांची थप्पी असली की आवाज घुमत नाही, कोरडाठाक मिळतो. घुमारा नंतर मशीनवर रिव्हर्बने हवा तेवढा देता येतो. पण दर थापेमागे ‘हाव’! शेवटी मीच दादाच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा कोंबला. गाल फुगवून, डोळे वटारून त्याने थाप मारली. एकदम स्वच्छ. बंडूने तीच घेतली, आणि हा टोन दुसऱ्या कोणाला देणार नाही असं दादाच्या ढोलकीवर हात ठेवून कबूल केलं.

त्या उन्हाळ्यात दादा गेला.

पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर टोन पॅडवर चढवला. रिव्हर्ब बंद — नुसती थाप. रिव्हर्ब सुरू केला... थाप विरत गेली आणि शेवटी, अगदी स्पष्ट — ‘हाव’. पॅडमधल्या बाकी कुठल्याच टोनमागे तो येत नव्हता.

बंडूने खराब थापांतला आवाज मिसळला म्हणून मी फोनवर त्याचा उद्धार केला. तो आला, माझ्यासमोर फाइल उघडली. थापेच्या पुढे काहीच नव्हतं. रिव्हर्ब असलेलाच आवाज लांबवतो, नसलेला कुठून आणेल? मी म्हटलं, असू दे. हा माझा शिक्का झाला. टोन कोणी चोरला तर जागेवर पकडेन.

लाखांदूरच्या एका वरातीत करडी गावची धुमाल पार्टी वाजवत होती. पॅडवर दादाची थाप! माझं डोकं फिरलं. बॉक्सला कान लावून त्यांना रिव्हर्ब वाढवायला लावला. ‘हाव’ नाहीच. बंडू तिथेच उभा होता. हसत म्हणाला, “तुमचा टोन तं बोलते ना, सेठ? हा मुका हाय. मंग तुमचा कसा?”

चारचौघांत माझीच फजिती. पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. करडीच्या पॅडवाल्याला म्हटलं, खरा असशील तर टोन घेऊन घरी ये. दुसऱ्या सकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन आलासुद्धा. त्याचा टोन माझ्या पॅडवर चढवला. रिव्हर्ब दिला. काडी मारली — ‘हाव’. पॅडवाला दोन पावलं मागे सरला.

वहिनी अंगणात धान पाखडत होती. सूप खाली ठेवून आत आली.

“अजून एक डाव वाजवा, भाऊजी.”

वाजवलं. तिने ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “आता तोंड मोकळं हाय त्याईचं.”

रेकॉर्डिंगला त्या खोलीत आम्ही तिघेच होतो. खर्रा कोंबल्याचं मी वहिनीला कधीच सांगितलं नव्हतं.

तो ‘हाव’ माझ्याच पॅडमध्ये का येतो, मला आजही सांगता येत नाही. बंडूलाही विचारणार नाही. ते त्याच्या अकलेबाहेरचं आहे. पण करडीचा टोन माझाच होता, याची साक्ष खुद्द दादाने दिली. ढोलकीवर हात ठेवून दिलेला शब्द का मोडला, ते बंडूने आमच्या धानाच्या खोलीत येऊन, माझ्या वहिनीपुढे उभं राहून सांगावं. पॅड मी लावून ठेवतो. रिव्हर्ब सुरू असेल.