चार मिनिटांचा ठिपका

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या मामांमुळे, आणि चाकूर तालुक्यातले रस्ते त्यांना जितके ठाऊक आहेत तितके आभाळातल्या उपग्रहांनाही नसतील. उभा जन्म त्यांनी लाल बस चालवली. अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. त्यांच्या लेखी देगलूर दोन चहा आणि एका डुलकीवर आहे. डुलकी प्रवाशांची, असा खुलासा मामी करतात. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी पहिल्या पगारात त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. त्यातल्या रस्ता सांगणाऱ्या बाईंना मामा पाहुण्यांसारखं वागवतात. बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाल्या की मोटारसायकल कडेला घेऊन नम्रपणे सांगतात, “बाई, तिकडला पूल वाहून गेलाय. तुमी हिकडं नव्या दिसता.” नांदेडच्या वाटेवर रेंज जाऊन बाई गप्प झाल्या, तर त्यांना झोप लागली असंल म्हणून मामांनी हॉर्न वाजवला नाही.

लातुरात माझी नोकरी बसमधल्या जीपीएसच्या नोंदी पाहून मार्ग आणि वेळापत्रक सुचवण्याची. मागच्या महिन्यात यादीत एक लाल ओळ आली. सकाळची बस रोज एका जागी चार मिनिटं उभी, मंजूर थांबा नाही, जवळ गाव नाही. पुढे नुसते अक्षांश-रेखांश. नकाशा उघडायचीही तसदी न घेता मी ‘निष्कारण खोळंबा, बंद करावा’ असा शेरा मारला. सोमवारी अहवाल द्यायचा होता. त्याआधी शाबासकीच्या आशेने मामांना लॅपटॉपवर सगळं दाखवायला गेलो.

मामांनी चष्मा लावून ठिपक्यावर बोट ठेवलं. “हितं बाभूळ हाय. वढ्यापलीकडच्या वस्तीवरल्या पोरी शाळंला निघतात, त्यांच्यासाठी म्या थांबायचो. माझ्यानंतरचे डायवर बी थांबत राहिले. आन् तू रे, दहावीच्या पेपरला कुठून चढला होतास?”

ती माझीच वस्ती होती. त्या सकाळी मी चपला हातात घेऊन ओढा ओलांडत होतो, आणि मामा प्रवाशांच्या शिव्या खात, बॉनेट उघडून धडधाकट इंजिन दुरुस्त करत होते.

“खोडायचं तर खोड बाबा,” ते म्हणाले. “तू शिकलेला हाईस.”

फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून परवा पत्र टाकलं.

‘ती. मामांस सप्रेम जयभीम. तो शेरा काढून मी ‘थांबा मंजूर करावा’ असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, गाव नाही तर तिथं चढतं कोण? मी म्हटलं, साहेब, मी. मंजुरी आली आहे. आता तुमच्या बाईही तिथं थांबायला सांगतील. चुकल्या तर समजावून सांगा, नव्या आहेत. मीही नवाच होतो. तुमचा भाचा.’